‘बक्कल नंबर’ आला कुठून? पोलिस आणि लष्कराच्या कमरपट्ट्यावरच्या पितळी तुकड्याची गोष्ट

पोलिस ठाण्याचा कुठलाही कागद नीट वाचला, तर कर्मचाऱ्याच्या नावाशेजारी एक आकडा दिसतो. पंचनाम्यावर असतो, जबाबाखालच्या सहीजवळ असतो, समन्स घेऊन आलेल्याच्या नावापुढंही असतो. कधी नुसता आकडा, कधी ‘ब. नं.’ असं लिहून. खात्यात आणि गावात सगळेच त्याला ‘बक्कल नंबर’ म्हणतात.

पण नंबर कागदावर असतो आणि नाव छातीवरच्या पट्टीवर असतं. मग कमरेच्या पट्ट्याचं बक्कल यात मध्येच कुठून आलं?

आधी एक खुलासा. ‘बक्कळ पैसा’ म्हणतो त्यातलं बक्कळ वेगळं. हे बक्कल इंग्रजी ‘बकल’वरून आलेलं, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं जोडणारी धातूची कडी. या छोट्या तुकड्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. वर्दीतलं बक्कल फक्त पट्टा आवळायला नव्हतंच. हा माणूस कोणाचा, हे आधी त्याच्यावर लिहिलं गेलं. हा माणूस नेमका कोण, हे नंतर.

पट्टा म्हणजे इज्जत

पट्टा आणि अधिकार यांचं नातं फार जुनं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सैन्यात शिपायाच्या कमरेला धातूच्या पट्ट्या ठोकलेला चामडी पट्टा असायचा. अंगावर चिलखत नसलं तरी त्या पट्ट्यावरून हा फौजेतला माणूस आहे, हे लोकांना कळायचं. चूक केलेल्या अधिकाऱ्याला सम्राट ऑगस्टस पट्ट्याशिवाय छावणीच्या मुख्य तंबूसमोर दिवसभर उभं करायचा. मार नाही, दंड नाही. नुसता पट्टा काढला, तरी ती मोठी शिक्षा होती.

हीच रीत पुढे इंग्रजी फौजेत दिसते. आरोप असलेल्या शिपायाला साहेबासमोर उभं करताना आधी टोपी आणि पट्टा उतरवला जायचा. त्यामागं अपमानाइतकंच व्यवहाराचं कारण होतं. जड पितळी बक्कल लावलेला पट्टा हाताला गुंडाळला की तो हत्यारच होतो. बराकीतल्या भांडणात इंग्रज शिपाई असे पट्टे सर्रास चालवत.

आपल्याकडे इंग्रज यायच्या आधी कमरेला कापडी शेला किंवा कमरबंद बांधायची पद्धत होती. त्याला गाठ असते, बक्कल नसतं. शेल्याच्या कापडावरून आणि रंगावरून माणसाची ऐपत कळायची, पण त्यावर नंबर टाकायला जागा नव्हती. ती जागा चामडी पट्टा आणि पितळी पत्र्यानं करून दिली.

चपराशी आणि पट्टेवाला

कंपनी सरकारच्या कारभारात कचेऱ्या वाढल्या. निरोप पोचवायला, समन्स द्यायला, साहेबाच्या दालनाबाहेर उभं राहायला माणसं लागू लागली. हा माणूस सरकारी आहे, हे गावातल्या अशिक्षित माणसालाही लांबून कळायला हवं होतं. म्हणून त्याच्या अंगावर पट्टा आला आणि पट्ट्यावर पितळी पत्रा. त्यावर कचेरीचं नाव कोरलेलं असायचं.

त्या पत्र्याला म्हणायचे ‘चपरास’. चपरास बाळगणारा तो चपराशी. मुंबई इलाख्यात त्याच माणसाला ‘पट्टेवाला’ म्हणत. १८८६ साली छापलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या इंग्रजी कोशात हा शब्द मुंबईकडचा म्हणून नोंदवलेला आहे.

म्हणजे आपण आजही सहज वापरतो ते दोन्ही शब्द त्या पट्ट्यावरूनच पडले आहेत. माणसाच्या कामावरून नाव पडलं नाही, कमरेला काय बांधलंय त्यावरून पडलं. एसटीच्या कंडक्टरचा किंवा स्टेशनवरच्या हमालाचा ‘बिल्ला’ हाही याच जातकुळीतला. पितळेचा तुकडा, त्यावर नंबर, आणि तो दिसेल असा लावायचा.

छातीवरून कमरेवर

आपल्याकडचा वर्दीचा पट्टा इंग्रजांच्या फौजेतून आला, त्यामुळे तिकडं काय घडलं तेही पाहायला हवं.

अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज शिपायाच्या छातीवर दोन पांढरे पट्टे फुलीसारखे एकमेकांवरून जायचे. एकाला काडतुसाची पेटी, दुसऱ्याला संगीन. दोन पट्टे जिथं एकमेकांना ओलांडत तिथं धातूचा पत्रा असायचा. आधी तो लंबगोल होता, नंतर चौकोनी झाला. त्यावर पलटणीचा नंबर किंवा चिन्ह. पट्टे पांढरे राखायला शिपाई पांढरी माती फासायचे आणि पत्रा घासून चकचकीत ठेवायचे. गंमत अशी की छातीच्या मधोमध चमकणारा हा तुकडा शत्रूला आयता नेम देत होता.

१८५५ च्या सुमारास इंग्रजांनी ही पद्धत सोडली. खांद्यावरचा पट्टा जाऊन कमरेचा पट्टा आला आणि छातीवरचं चिन्ह पोटावरच्या बक्कलवर आलं.

त्या काळात आणखी एक नमुना फार चालला. दोन गोल किंवा चौकोनी कड्या आणि त्यांना जोडणारा ‘एस’ अक्षरासारखा आकडा. हा आकडा सापाच्या आकाराचा केलेला असे. काटा नाही, भोकं नाहीत; एका कडीतून साप काढला की पट्टा सुटला. इंग्लंडच्या पोलिसांनीही हे बक्कल वापरलं. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सुती सामान कमी पडलं, म्हणून घाईनं चामड्याचे पट्टे बनवले गेले. त्यांनाही हेच सापाचं बक्कल होतं.

हा माणूस कोणाचा?

एकोणिसाव्या शतकात बक्कलवर मजकूर लिहायची चढाओढच लागली. काही ठळक नमुने पाहा.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण अशी आपसात लढाई झाली. उत्तरेच्या शिपायाच्या लंबगोल बक्कलवर ‘यूएस’ ही अक्षरं, तर दक्षिणेच्या बक्कलवर ‘सीएस’ किंवा ‘सीएसए’. भाषा एक, धर्म एक, पण पोटावरची दोन-तीन अक्षरं वेगळी. यांतली बरीच बक्कलं पातळ पितळी पत्र्यावर ठसा उमटवून, मागं शिसं ओतून बनवलेली असत. त्यामुळे पितळ कमी लागायचं आणि बक्कल जड वाटायचं.

जर्मनीत तर वेगवेगळ्या राज्यांची वेगळी बक्कलं होती. प्रशियाच्या शिपायांना १८४७ पासून चौकोनी बक्कल मिळालं. त्यावर मुकुट आणि ‘देव आमच्यासोबत’ अशा अर्थाचे शब्द. बव्हेरियाच्या बक्कलवर ‘निष्ठेत अढळ’ अशा अर्थाचे. पहिल्या महायुद्धात पितळ तोफगोळ्यांसाठी लागू लागलं, तेव्हा १९१५ पासून तीच बक्कलं लोखंडी पत्र्याची करून त्यांना राखाडी रंग दिला गेला.

हिटलरच्या काळात त्यावर गरुड आणि स्वस्तिक आलं. फौजेच्या बक्कलवर देवाचं नाव कायम राहिलं. पण हिटलरच्या खास एसएस दलाच्या बक्कलवर ‘निष्ठा हीच माझी इज्जत’ अशा अर्थाचं वाक्य होतं. ही निष्ठा देशाशी नव्हती, हिटलर या एका माणसाशी होती. त्या दलानं पुढं काय केलं ते जगाला माहीत आहे. युद्धानंतर पश्चिम जर्मनीनं नवं सैन्य उभारलं, तेव्हा नव्या बक्कलवर शब्द आले ‘एकता, न्याय, स्वातंत्र्य’. शिपायानं कोणाची चाकरी करायची, हे देशानं पुन्हा नव्यानं ठरवलं आणि ते बक्कलवर लिहिलं.

रशियात झारच्या काळी दोन तोंडांचा गरुड होता. क्रांतीनंतर पितळी बक्कलवर चांदणी आणि तिच्यात विळा-हातोडा आला.

आपल्याकडेही असंच झालं. २६ जानेवारी १९५० नंतर वर्दीवरच्या चिन्हांतून इंग्रजांचा मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. खाकी तीच राहिली, पट्टा तोच राहिला. पण त्या पट्ट्याचा मालक बदलला. आधी तो राणी-राजाचा होता, आता लोकांच्या सरकारचा झाला.

एका हाताच्या साहेबाचा पट्टा

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा १ मे रोजी जिल्ह्याच्या परेड ग्राउंडवर पाहिलं, तर पोलिस अधिकाऱ्यांच्या कमरेच्या जाड चामडी पट्ट्याला जोडून एक अरुंद पट्टा उजव्या खांद्यावरून तिरका गेलेला दिसतो. त्याचं नाव ‘सॅम ब्राउन’. हा जगभर गेलेला पट्टा मूळचा हिंदुस्थानातला.

सॅम्युअल ब्राउन हा १८२४ साली बंगालमधल्या बराकपूरला जन्मलेला इंग्रज अधिकारी. पंजाबातल्या घोडदळात होता. १८५७ चा उठाव मोडताना, ३१ ऑगस्ट १८५८ रोजी उत्तर भारतात सीरपुरा इथं तो तोफेवर चालून गेला. तलवारीच्या घावानं त्याचा डावा हात खांद्यापासून तुटला.

तेव्हा तलवारीचं म्यान कमरेला लोंबतं असायचं. तलवार उपसायची तर डाव्या हातानं म्यान धरावं लागे. डावा हातच नाही म्हटल्यावर ब्राउननं युक्ती काढली. कमरेला रुंद पट्टा, म्यान घट्ट बसेल अशी चामडी पकड आणि तलवारीच्या वजनानं पट्टा खाली सरकू नये म्हणून खांद्यावरून आधाराचा दुसरा पट्टा. रुंद पट्टा नीट धरून ठेवायला पितळी बक्कलला एकाऐवजी दोन काटे.

बाकीच्या अधिकाऱ्यांना दोन्ही हात होते, तरी त्यांनाही ही सोय आवडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पट्टा इंग्रजी फौजेत सगळीकडे पोचला. तिथून अमेरिकेच्या फौजेत आणि पोलिसांत गेला. आज तलवार फक्त परेडपुरती उरली, पण दोन काट्यांचं बक्कल आणि तिरका पट्टा अजून टिकून आहे.

नवारीचा पट्टा आणि ब्रासो

चामड्याला दोन आजार. पावसात भिजलं की सैल पडतं आणि घामानं कुजतं. म्हणून इंग्रजी फौजेनं १९०८ साली जाड सुती विणीचे पट्टे घेतले. खाटेची नवार डोळ्यासमोर आणा, पण जास्त घट्ट आणि जाड विणीची.

१९३७ सालच्या नमुन्यात हा पट्टा आणखी सुटसुटीत झाला. दोन टोकांना दोन पितळी तुकडे. एक दुसऱ्यात अडकवायचा. भोक नाही, काटा नाही. मागून पट्टी सरकवली की कुठल्याही कमरेला बसतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेनं हाच पट्टा वापरला, आणि स्वातंत्र्यानंतरही तो बराच काळ टिकला.

शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांना याची वेगळी ओळख सांगायला नको. परेडच्या आदल्या रात्री ब्रासो लावून पितळ घासायचं, हे काम कोणाला चुकलेलं नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा आणि घाम लागला की त्यावर काळपट थर चढतो. घरातली पितळी भांडी चिंचेनं उजळतात तेव्हाही हाच थर निघतो. आपल्या सामानाकडे रोज लक्ष देण्याची सवय शिपायाला लागावी, हा या घासण्यामागचा हेतू.

पण लढाईत चमक घातक. इंग्रजी फौजेतल्या रायफल पलटणी दोनशे वर्षांपूर्वीच हे शिकल्या होत्या. झाडीत लपून नेम धरणाऱ्या त्या शिपायांचे पट्टे काळे असत. ती परंपरा भारतीय सैन्याच्या रायफल पलटणींत आजही दिसते. गढवाल रायफल्स किंवा गोरखा रायफल्सचा जवान सुट्टीवर आला, तर त्याच्या गणवेशावरची चिन्हं आणि बटणं काळी का, याचं उत्तर हे आहे.

गेल्या पन्नासेक वर्षांत लढाईच्या पट्ट्यावरून पितळ जवळपास गेलंच. दप्तराला असतात तशी दोन्ही बाजूंनी दाबून सुटणारी प्लॅस्टिकची बक्कलं आली. ती हलकी असतात, आवाज करत नाहीत, चमकत नाहीत आणि एका हातानं सुटतात. परदेशातल्या पोलिसांच्या पट्ट्याला तर तीन ठिकाणी दाबल्याशिवाय न सुटणारं बक्कल मिळतं. झटापटीत कुणी पिस्तुलासकट पट्टाच ओढून नेऊ नये, म्हणून ही काळजी.

हा माणूस नेमका कोण?

फौजेतल्या शिपायाची पलटण कळली की काम भागतं. पोलिसाचं तसं नाही. तो रोज लोकांमध्ये असतो, दारात येतो, गाडी अडवतो, माणसाला धरून नेतो. म्हणून पोलिसाच्या बाबतीत ‘कोणाचा’ एवढं पुरत नाही, ‘कोण’ तेही कळावं लागतं.

१८२९ साली लंडनमध्ये नवं पोलिस दल उभं राहिलं, तेव्हा प्रत्येक शिपायाच्या कॉलरवर नंबर आणि विभागाचं अक्षर लावलं गेलं. म्हणून तिकडं अजूनही ‘कॉलर नंबर’ म्हणतात, जरी तो आता खांद्यावर गेला असला तरी. अमेरिकेत छातीवर धातूचा बिल्ला, म्हणून ‘बॅज नंबर’. पंजाबकडे ‘बेल्ट नंबर’ किंवा ‘पेटी नंबर’. आणि आपल्याकडे शिपायाचा नंबर पट्ट्याच्या पितळी बक्कलवर, म्हणून ‘बक्कल नंबर’. वस्तू बदलली, जागा बदलली, शब्द मात्र टिकला.

हा नंबर शिपाई, हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक यांना असतो. उपनिरीक्षक आणि त्यावरचे अधिकारी नावानं आणि हुद्द्यानं ओळखले जातात. नंबर त्या त्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या दलापुरता असतो. त्यामुळे एकच नंबर दोन जिल्ह्यांत दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो.

आपल्या कामाचं काय?

एकाच ठाण्यात दोन जाधव आणि तीन शिंदे असतात. ‘जाधव साहेब आले होते’ एवढ्यावर नंतर काहीच शोधता येत नाही. नंबर असेल तर शोधता येतं. हे काम चांगलं झालं तरी उपयोगी, वाईट झालं तरी.

कायदाही याच बाजूनं आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं की, अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसांच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये तेच आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. अटक करणाऱ्याची नावासह ओळख अचूक आणि स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा कागद तयार झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि अटक झालेल्याचीही. साक्षीदार घरचा नसेल, तर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा हक्क आहे, हे पोलिसांनी त्याला सांगायचं असतं.

दुसरी बाजू तोतयांची. ‘पुढं लूटमार झालीय, दागिने काढून पिशवीत ठेवा’ असं सांगून म्हाताऱ्या माणसांना फसवणारे स्वतःला पोलिसच म्हणवतात. पट्टा आणि बक्कल दुकानात विकत मिळतं, त्यामुळे नुसतं बक्कल पाहून विश्वास ठेवू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ नुसार सरकारी नोकर असल्याचं सोंग करणाऱ्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. फसवण्यासाठी तसा गणवेश किंवा चिन्ह वापरणं हा कलम २०५ खाली गुन्हा आहे, आणि जवानाचा गणवेश तसा वापरणं कलम १६८ खाली.

म्हणून पुढच्या वेळी एवढं करा:

• ‘साहेब, आपलं नाव आणि बक्कल नंबर सांगता का?’ असं नीट, आवाज न चढवता विचारा. विचारणं हा उद्धटपणा नाही.

• नंबरासोबत पोलिस ठाणं, जिल्हा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. बदली झाली की नंबर बदलू शकतो, म्हणून तारीख महत्त्वाची.

• सही करण्याआधी कागदावर कर्मचाऱ्याचं नाव आणि नंबर आहे का ते पाहा.

• शंका वाटली तर दागिने, पैसे किंवा मोबाइल हातात देऊ नका. ११२ वर फोन करा आणि हा कर्मचारी खरंच ठाण्यातून आलाय का ते विचारा.

खरा पोलिस नंबर सांगायला कचरत नाही. तो नंबर लोकांना दिसावा म्हणूनच कधीकाळी पितळेवर कोरला गेला होता.